तुरळक ठिकाणी मुसळधार, म्हणजे नेमकं कुठे?

जुलैत ठाण्यात 'उद्या पाऊस पडेल' असं सांगायला हवामानशास्त्र लागत नाही. चोवीस तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की हवामान खातं तो 'पावसाचा दिवस' धरतं आणि जुलैतले इथले बहुतेक दिवस त्यात बसतात. खरी परीक्षा असते ती पुढच्या वाक्याची: 'ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता.' पावसाळाभर हे वाक्य सोसायटीच्या ग्रुपवर इतकं फिरतं की कोणी ते धड वाचतही नाही. दुसऱ्या दिवशी वाशीत ऊन पडलं की मात्र खात्याच्या नावाने बोटं मोडायला सगळे तयार.

या वाक्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मोजून ठेवलेला आहे. 'मुसळधार' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. ११५.६ ते २०४.४ म्हणजे 'अति मुसळधार' आणि त्याच्यावर गेला की सगळ्यात वरचा वर्ग. गोंधळ वाढवायला महसूल खात्याचा स्वतंत्र हिशेब आहेच. तिथे एखाद्या महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, दिवसाला ६५ मिलिमीटर ओलांडले की 'अतिवृष्टी' झाली. म्हणजे हवामान खात्याचा 'मुसळधार' जिथे सुरू होतो, साधारण तिथेच महसुलाची 'अतिवृष्टी' सुरू होते. पेपरात दोन्ही शब्द एकाच बातमीत येतात तेव्हा हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमच्या इमारतीची गच्ची ४०० चौरस मीटरची असेल, तर १०० मिलिमीटरच्या दिवशी तिच्यावर ४०,००० लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना टँकरचं माप वेगळं समजावून सांगायला नको.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. याची एक गंमत होते. समजा सकाळी सहा ते अकरा अशी एकच मोठी सर आली. साडेआठच्या आधी ११० मिलिमीटर पडला आणि नंतर १०० मिलिमीटर. पाच तासांत २१० मिलिमीटर, लोकल बंद, स्टेशनबाहेर गुडघाभर पाणी. नोंदवहीत मात्र पाठोपाठचे दोन दिवस, दोन्ही फक्त 'मुसळधार'. आकडा खोटा नाही, पण तो वाचताना घड्याळाकडे पाहावं लागतं.

आता 'तुरळक ठिकाणी'. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. तुरळक म्हणजे हलका किंवा थोडा पाऊस नव्हे. तो शब्द पावसाचा जोर सांगत नाही, पसारा सांगतो. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर तसा पाऊस होईल, इतकाच त्याचा अर्थ. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, त्याच्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतची आणि त्याहून वरची अशा आणखी दोन पायऱ्या आहेत.

'शक्यता' हीसुद्धा मापात बसवलेली आहे: २५ ते ५० टक्के, ५० ते ७५ टक्के, ७५ च्या वर. बातमीत येईपर्यंत या पायऱ्या बहुधा गळून पडतात. दोन्ही मापं एकत्र धरून बघा. अति मुसळधार पाऊस जिल्ह्यात कुठेतरी होण्याची शक्यता ५० टक्के आणि झालाच तर चौथ्या हिश्शात. मग तो नेमका तुमच्या डोक्यावर पडण्याची शक्यता साधारण साडेबारा टक्के, आठात एक. म्हणजे अशा आठ इशाऱ्यांपैकी सातदा तुमच्या खिडकीतून 'अंदाज चुकला' असंच दिसणार, आणि तरीही तो अचूक असू शकतो. अर्थात मुरबाड-शहापूरच्या सह्याद्रीला टेकलेल्या भागात ढग डोंगर चढताना जास्त पाऊस पाडतात, त्यामुळे सगळी ठिकाणं सारखी नाहीत. पण आठात एक म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं, असंही नाही. एरवीच्या पावसाळी दिवशी एखाद्या ठिकाणी इतका पाऊस होण्याची शक्यता याहून बरीच कमी असते.

पसारा किती लहान असू शकतो, हे २६ जुलै २००५ ला दिसलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३ च्या आसपास.

नवी मुंबईकरांचा आणखी एक घोळ होतो. इशारे जिल्हानिहाय निघतात. वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि बेलापूरला खेटून असलेलं खारघर रायगडात. खारघरमध्ये राहून ठाण्याचा ऑरेंज अलर्ट बघत बसणारे कमी नाहीत.

टक्केवारीतही फसगत होते. 'सरासरीच्या १५० टक्के' आणि 'सरासरीपेक्षा १५० टक्के जास्त' यांत सरासरीइतक्याच पावसाचा फरक आहे, पण बातम्यांत ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. जूनच्या पहिल्या आठवड्यातली टक्केवारी तर सोडूनच द्यावी. तेव्हाची सरासरीच इतकी लहान असते की एका वळवाच्या सरीने टक्केवारी दुप्पट-तिप्पट होते. हवामान खातं स्वतः उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांपर्यंतचा फरक 'सर्वसाधारण' मानतं, ते उगाच नाही.

चोवीस तासांच्या आकड्यातून एक गोष्ट अजिबात कळत नाही, ती म्हणजे ताशी वेग. ७० मिलिमीटर दिवसभर रिपरिपत पडला तर फार तर छत्री उलटते. तेवढाच तासाभरात पडला आणि खाडीला भरती असली, तर गटाराचं पाणी बाहेर जायला वाटच नसते. सिडकोने नवी मुंबईत खाडीलगतच्या नोडमध्ये (वसाहतींत) होल्डिंग पाँड बांधले ते याचसाठी. भरती असेपर्यंत पाणी तिथे साठवायचं, ओहोटीला खाडीत सोडायचं.

राहिला 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस'. एकदा येऊन गेला म्हणजे शंभर वर्षं निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी एक टक्का शक्यता, गेल्या वर्षी काहीही झालेलं असो. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो एकदा तरी येण्याची शक्यता साधारण १८ टक्के होते. हा एक टक्काही जुन्या नोंदींवरून काढलेला असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासात १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्याचं आढळलं. नाल्याकाठी फ्लॅट बघणाऱ्याने १८ हा आकडा कमीत कमी म्हणूनच धरावा.