दिव्याने पाणी प्यायलं कसं?

अलिबागजवळ आत्याच्या घरामागे पोहण्याचा लहानसा तलाव आहे. गेल्या हिवाळ्यात त्यातला एक दिवा गेला, तेव्हा आत्याने पहिला प्रश्न विचारला, ‘आता सगळं पाणी उपसायचं का रे?’

इलेक्ट्रिशियन हसला. ‘काही नको काकू, दिवाच वर येईल.’ त्याने मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात टाकला आणि काठावर पालथा पडून पाण्यात हात घातला. रिंगच्या माथ्यावरचा एकच स्क्रू सुटला, की दिवा कोनाड्यातून बाहेर. मागोमाग वायरचं भलंमोठं वेटोळं. दिवा बसवतानाच एवढी जास्तीची वायर त्याच्या पाठीमागे गुंडाळून ठेवतात, ती दिवा काठावर आणून उघडता यावा म्हणून.

दिवा हलवला तर आत पेलाभर पाणी डुचमळत होतं. ‘पाण्याच्या दाबाने शिरलं,’ आत्या म्हणाली. पण हिशेब करून पाहा. दिवा होता अर्धा मीटर खोल. तिथे पाण्याचा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम ५ टक्के. एवढ्याला सांध्यातून पाणी अडवणारी रबरी चकती, म्हणजे गॅस्केट, दाद देत नाही. खरा चोर दिव्याचीच उष्णता.

जुना दिवा ३०० वॉटचा. तो पेटला की आतली हवा तापते. समजा, २७ अंश सेल्सिअसवरून ८७ अंशांवर गेली. केल्व्हिनमध्ये ३०० वरून ३६०. डबा बंद असल्यामुळे दाबही तेवढ्याच पटीत, म्हणजे २० टक्क्यांनी वाढतो. गॅस्केट ताजं असेल तर काही बिघडत नाही. पण ते कडक आणि चपटं झालं असेल, तर थोडी हवा बारीक बुडबुड्यांनी निसटते. रात्री दिवा बंद केला की उरलेली हवा थंड होऊन आक्रसते, आत दाब कमी पडतो आणि बाहेरचं पाणी ज्या वाटेने हवा गेली त्याच वाटेने आत ओढलं जातं. वरच्या आकड्यांनी हा फरक पावणेदोन मीटर पाण्याच्या दाबाइतका येतो, नुसत्या खोलीमुळे येणाऱ्या दाबाच्या साडेतीन पट! रोज संध्याकाळी उच्छ्वास, रोज रात्री श्वास. म्हणून असे दिवे बहुधा एका दिवसात जात नाहीत, आधी काचेवर आतून बाष्प धरतं.

आत पाणी, तारा उघड्या, तरी आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, पडला नव्हता. आत्याला याचीच धास्ती. पण तो दिवा १२ व्होल्टचा. ट्रान्सफॉर्मरमध्ये २३० व्होल्टची गुंडाळी आणि १२ व्होल्टची गुंडाळी यांचा तारेने संबंध नसतो, फक्त चुंबकीय क्षेत्राचा असतो. त्यामुळे दिव्याकडची गळती आरसीसीबीला दिसतच नाही. उलट तो पडत असेल, तर संशय आधी २३० व्होल्टच्या बाजूवर घ्यावा. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या ६०३६४ मानकाचा ७०२ वा भाग तलावाच्या पाण्यात १२ व्होल्ट एसीपेक्षा जास्त देऊ नका, असं सांगतो, ते उगाच नाही. ओल्या शरीराचा रोध १००० ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. आरसीसीबी ३० लाच तोडतो. पाण्यात तर स्नायू आखडले तरी माणूस बुडतो. आणि हो, खिशातला निऑनचा टेस्टर १२ व्होल्टला लागतच नाही. इथे मल्टिमीटरच हवा.

नवा दिवा एलईडीचा, २५ वॉटचा. जुना २५ अँपिअर खायचा, हा दोनच. ट्रान्सफॉर्मर दहा मीटरवर, वायर ४ चौरस मिलिमीटरची; जाऊन-येऊन २० मीटर तांब्यात जुन्या दिव्याचे दोनाहून जास्त व्होल्ट वाटेतच मुरायचे. आता पाव व्होल्टही नाही. शिवाय पोटात हवेऐवजी राळ भरलेली, म्हणजे श्वास घ्यायला जागाच नाही. मात्र दिवा एसीवर चालणारा आहे की फक्त डीसीवर, हे खोक्यावर वाचूनच घ्यावा.

सगळ्यांत जास्त वेळ वायरने खाल्ला. जुन्या वायरला नायलॉनची दोरी बांधून ती पाइपातून ओढली, मग दोरीला नवी वायर बांधून उलट ओढली. त्या पाइपात तलावाच्या पातळीपर्यंत पाणी असतंच, म्हणून जंक्शन बॉक्स त्याहून वर. पाइप कुठे फुटला किंवा कोनाड्यातलं त्याचं तोंड नीट बुजवलं नाही, तर पाणी तिथून झिरपतं. तलावाची पातळी घटत घटत बरोबर दिव्यापाशी येऊन थांबली, तर गळती तिथेच शोधावी.

अंधार पडल्यावर नवा दिवा लावला. पांढरा, लख्ख. शेजारचा जुना पिवळट दिवा त्याच्यापुढे बापुडवाणा दिसत होता. इलेक्ट्रिशियनने वाकून त्याच्यावर टॉर्च मारला. काचेच्या आतल्या बाजूला बारीक थेंबांची रांग होती.