पाचवी नस, सातवी नस

खालची अक्कलदाढ काढायची असली की डेंटिस्ट आधी जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने इंजेक्शन देतात. मग पाचेक मिनिटं थांबून विचारतात, "ओठ जड झाला का?" दाढ मागे, सुई त्याहून मागे, आणि चौकशी मात्र ओठाची. मी त्या खुर्चीत होतो तेव्हा ओठ भजीसारखा फुगलाय असं वाटून हात लावून पाहिला. आरशात तो होता तेवढाच होता. हसून पाहिलं तर दोन्ही बाजूंनी सारखा हलत होता. कळणं गेलं होतं, हलणं शाबूत होतं.

तोंडावरून वारं गेलेल्या माणसाचं याच्या अगदी उलट असतं. आयुर्वेदात त्याला अर्दित म्हणतात. एका बाजूचा डोळा मिटत नाही, चूळ भरली की पाणी कोपऱ्यातून ओघळतं, शीळ घालता येत नाही. पण त्याच गालाला टाचणी टोचून पाहा, त्याला बरोबर कळतं.

म्हणजे गाल एक, नसा दोन. पाचवी नस चेहऱ्याला काय जाणवतंय ते मेंदूला कळवते. सातवी नस चेहरा हलवते. वैद्यकीच्या पहिल्या वर्षात हे पाठ करून घेतात. पण ही साधी वाटणारी वाटणी पक्की व्हायला १८२० चं दशक उजाडावं लागलं, आणि तोवर काही रुग्णांना या अज्ञानाची किंमत आपल्या चेहऱ्याने मोजावी लागली.

शब्दाबद्दल थोडं. शाळेच्या पुस्तकात 'चेता', विश्वकोशात 'तंत्रिका', दवाखान्यात 'नस', आणि घरात 'शीर'. शीर म्हणजे रक्तवाहिनी की नस, हे बोलणाऱ्यालाही माहीत नसतं. पण आपणच गोंधळलो असं नाही. ग्रीकांचा 'न्यूरॉन' हा शब्दही आधी स्नायूबंधासाठी, धनुष्याच्या दोरीसाठी वापरत. मी इथे 'नस'च म्हणतो.

दुसऱ्या शतकात गेलेन या ग्रीक वैद्याने मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या सात जोड्या मोजल्या. पाचव्या नसेचे त्याने दोन जोड्यांत तुकडे केले, आणि चेहऱ्याची नस व कानाची नस या दोघींना मात्र एकाच जोडीत घातलं. कवटीत या दोघी शेजारीशेजारी जातात, त्यामुळे चूक समजण्यासारखी आहे. पण गेलेनचा शब्द युरोपात आणि अरबी वैद्यकात हजारावर वर्षं प्रमाण राहिला. १५६१ मध्ये इटलीत फॅलोपियोने पाचव्या नसेच्या तीन शाखा नीट वर्णन केल्या, आणि चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातून ज्या वळणावळणाच्या बोगद्याने जाते तोही दाखवला. त्या बोगद्याला अजून त्याचं नाव आहे. १६६४ मध्ये ऑक्सफर्डच्या टॉमस विलिसने जोड्या नऊ केल्या. 'पाचवी' हा क्रमांक तिथून स्थिरावला. १७७८ मध्ये झ्योमरिंगने बारा मोजल्या आणि ती मोजणी आजतागायत चालू आहे.

पाचवीचं नाव १७३२ मध्ये विन्स्लोव्हने ठेवलं: त्रिजुमो, म्हणजे तिळी. एक शाखा कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल, वरचा ओठ आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. या तिळ्या जिथून फुटतात त्या गाठीला व्हिएन्नाच्या गासरचं नाव मिळालं, तेही गासरने स्वतः त्यावर काही न लिहिता. १७६५ मध्ये त्याच्या हिर्श नावाच्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहिला आणि गाठीला गुरूचं नाव देऊन टाकलं. असे शिष्य सगळ्यांना मिळत नाहीत.

म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस नसा कुठून कुठे जातात हे बऱ्यापैकी माहीत होतं. त्या करतात काय, हे कोणालाच धड माहीत नव्हतं. प्रेत चिरून वाट दिसते, काम दिसत नाही.

आणि प्रश्न तातडीचा होता, कारण एक भयंकर दुखणं दारात उभं होतं. चेहऱ्याच्या एका बाजूला वीज चमकावी तशी कळ, काही सेकंद, मग शांतता, मग पुन्हा. फ्रान्समध्ये निकोला आंद्रेने १७५६ मध्ये त्याला 'वेदनेचा झटका' अशा अर्थाचं नाव दिलं. लंडनच्या जॉन फॉदरगिलने १७७३ मध्ये त्याचं इतकं नेमकं वर्णन केलं की आजच्या डॉक्टरलाही त्यात फार भर घालावी लागत नाही: घास घेताना, बोलताना, नुसत्या हलक्या स्पर्शानेही कळ सुटते. त्याने दिलेलं कारण मात्र साफ चुकलेलं होतं. त्याला हे कर्करोगाच्या जातीचं वाटलं. त्याच काळात जॉन हंटरने दातांवरच्या आपल्या लेखनात नोंदवलं की असे रुग्ण दातावर संशय घेतात, दात काढतात, दुखणं तसंच राहतं, मग पुढचा दात काढतात.

दात काढून भागेना तेव्हा शल्यवैद्य नसेकडे वळले. तर्क सरळ होता: चेहरा दुखतो, चेहऱ्याकडे नस जाते, ती कापा. कोणती? कानापुढून गालावर पंख्यासारखी पसरलेली सातवी नस हाताला सोपी होती. ती कापली गेली. दुखणं जसंच्या तसं राहिलं, वर रुग्णाचं तोंड कायमचं वाकडं झालं आणि डोळा मिटेनासा झाला.

या गोंधळात चार्ल्स बेल उतरला. एडिनबरोचा, लंडनमध्ये शरीरशास्त्र शिकवणारा, चित्रकलेचा उत्तम हात असलेला. चेहऱ्यावर भाव कसे उमटतात याचं त्याला आधीपासून वेड होतं, त्यावर त्याने चित्रकारांसाठी पुस्तकही लिहिलं होतं. जुलै १८२१ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. प्रयोग गाढवावर होते. सातवी नस कापली की त्या बाजूची नाकपुडी हलायची थांबते, चेहरा निपचित पडतो. मग पाचवीची वरच्या ओठाकडे जाणारी फांदी कापली. पुढे ओट टाकले. गाढवाने तोंड जमिनीवर दाबलं, पण ओठांनी दाणे उचलेना. शेवटी जिभेने चाटून घेतले.

बेलने निष्कर्ष काढला: पाचवी नस खाताना ओठ हलवते, सातवी श्वास घेताना. म्हणजे दोन्ही हलवणाऱ्याच, कामं वेगळी.

हर्बर्ट मेयो हा तरुण, बेलचाच एकेकाळचा विद्यार्थी. त्याने तसेच प्रयोग केले आणि १८२२ मध्ये साधी गोष्ट सांगितली. गाढव ओठ हलवू शकत होतं. ओठाला दाणा लागलाय हे त्याला कळतच नव्हतं. न कळणाऱ्या ओठाने दाणा कसा उचलायचा? पाचवी नस कळवणारी, सातवी हलवणारी. पाचवीचा एक छोटा तंतू तेवढा चावण्याच्या स्नायूंना हलवतो, बाकी सगळी जाणीव.

मला हा सगळ्या कथेतला सर्वांत आवडता भाग वाटतो. दोघांनी पाहिलं तेच गाढव, तेच ओट. इंजेक्शननंतर बधिर ओठाने चहा प्यायला गेलेल्या कोणालाही मेयोचं म्हणणं तत्काळ पटेल: ओठ हलतो, पण चहा शर्टावर.

बेलने पुढे हे कसं सावरलं ते फारसं शोभणारं नाही. १८२४ मध्ये जुने निबंध एकत्र छापताना त्याने त्यातला मजकूर बदलला, असा की नवं ज्ञान आपल्याला आधीपासून होतं असं वाटावं. पॅरिसमध्ये मॅजेंडीने १८२२ मध्ये पाठीच्या कण्यातल्या नसांबद्दल हाच भेद स्वच्छ दाखवला होता, त्याच्याशीही श्रेयावरून वाद चालला. तरी तोंड वाकडं होण्याच्या आजाराला नाव बेलचंच चिकटलं, 'बेल्स पाल्सी'. वर्णन म्हणाल तर ते इराणी वैद्य अल-राझीने दहाव्या शतकाच्या आसपास केलं होतं, आणि १७९८ मध्ये वुर्झबुर्गच्या फ्रीडरिखनेही. पण बेलने एक खरं काम केलं: हा आजार सातव्या नसेचा, हे जोडून दाखवलं. मेयोचं नाव आज क्वचित कोणाला आठवतं.

बेलच्या निबंधाआधी पंचवीसेक वर्षं पुण्याजवळ याच नसांशी संबंधित एक गोष्ट घडली होती, जरी करणाऱ्याला त्या नसांची नावं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कावसजी नावाचा मराठा बैलहाक्या इंग्रजी फौजेबरोबर होता. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला, नाक आणि एक हात गमावून परतला. पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बनवलं. ती हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली, आणि ती वाचूनच कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने १८१४ मध्ये लंडनला अशी शस्त्रक्रिया केली. या पद्धतीत कातडीचा देठ भुवयांपाशी राखतात, आणि त्या देठातून पाचव्या नसेच्या पहिल्या शाखेची फांदीही येते. देठ तुटेपर्यंत नव्या नाकाला स्पर्श केला तर माणसाला तो कपाळावर जाणवतो. मेंदूपाशी जुनाच पत्ता असतो.

पत्त्याचा हा घोळ दातांच्या बाबतीत रोजचा. वरची दाढ किडलेली आणि माणूस खालची दाखवतो. तोही खोटं बोलत नाही. दोन्ही जबड्यांच्या तक्रारी एकाच नसेने मेंदूच्या एकाच ठाण्यात पोचतात, आणि दाताच्या गाभ्यातल्या नसेला कळ कळते, नेमकी जागा फारशी कळत नाही. म्हणून डॉक्टर दातांवर टकटक करून, बर्फ लावून, एकेक तपासत जातात.

जीभ तर चार खात्यांत वाटली गेलेली. पुढच्या दोन तृतीयांश भागाचा स्पर्श पाचवीकडे, त्याच भागाची चव सातवीकडे, मागचा तिसरा हिस्सा स्पर्श-चवीसकट नववीकडे, आणि हलवायचं काम बारावीकडे. यात ठेच्याचा तिखटपणा कुठे बसतो? चवीच्या खात्यात नाही. मिरचीतला जहाल भाग पाचव्या नसेच्या टोकांवरचं उष्णतेचं कुलूप उघडतो. ते कुलूप १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत ओळखलं गेलं आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. षड्रसांत कटू, म्हणजे तिखट, मोजणाऱ्यांनी रागावू नये, पण नसांच्या हिशेबात तिखट म्हणजे भाजणं.

आता ओठाच्या प्रश्नाकडे. खालच्या जबड्याचे दात हाडाच्या आतून जाणाऱ्या एकाच नसेवर पोसलेले. ती जबड्याच्या मागच्या आतल्या बाजूच्या भोकातून शिरते आणि हनुवटीजवळच्या भोकातून तिची फांदी बाहेर येऊन ओठाला जाते. शिरते तिथे भूल दिली की पुढचं सगळं बंद, आणि ओठ जड होणं ही त्याची पावती. वरच्या जबड्याचं हाड पातळ, सच्छिद्र. तिथे दाताच्या मुळाशी औषध सोडलं की बहुधा भागतं. खालचं घट्ट हाड ते आत शिरू देत नाही.

ही युक्ती १८८४ च्या अखेरची. त्या सप्टेंबरमध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर होतो हे जाहीर केलं. काही आठवड्यांतच न्यूयॉर्कला हॉल्स्टेड आणि हॉल या शल्यवैद्यांनी तेच औषध या नसेपाशी टोचून जबडा बधिर केला. प्रयोग ते स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर करत होते, आणि दोघेही कोकेनच्या व्यसनात सापडले. सुरक्षित पर्याय यायला १९०४-०५ चं नोव्होकेन उजाडलं, मग १९४३ मध्ये स्वीडनच्या लोफग्रेनचं लिडोकेन, म्हणजे आपल्याकडचं लिग्नोकेन. आजही क्वचित सुई जास्त मागे गेली तर औषध लाळग्रंथीत शिरतं, आणि तिच्यातून तर सातवी नस जाते. मग दाढ दुखतेच, वर डोळा मिटत नाही. काही तासांत उतरतं, तोवर डोळ्याला पट्टी.

विजेच्या कळेचं दुखणं मात्र नसेचा नकाशा कळूनही लगेच हटलं नाही. १८९० च्या दशकात शल्यवैद्यांनी गासरची गाठच काढायला सुरुवात केली. कळ थांबे, पण डोळ्याची जाणीवही जाई आणि बुबुळावर व्रण होत. कण गेलेला कळेना, डोळा मिटायचं सुचेना. १९३४ मध्ये वॉल्टर डँडी यांनी लिहिलं की बऱ्याच रुग्णांत मेंदूपाशी एखादी रक्तवाहिनी नसेच्या मुळाला टेकलेली, दाबलेली दिसते. ते सिद्ध करायला सूक्ष्मदर्शक लागला. १९६७ मध्ये पीटर जॅनेटा यांनी नस न कापता रक्तवाहिनी बाजूला सारायची शस्त्रक्रिया मांडली. त्याआधी १९६२ मध्ये सिगफ्रिड ब्लोम यांनी दाखवलं होतं की फेफऱ्याचं औषध, कार्बामॅझेपिन, ही कळ अडवतं. आज उपचाराची सुरुवात बहुधा त्या गोळीनेच होते. आणि अनुभवी डेंटिस्ट, दात धडधाकट दिसत असेल आणि रुग्ण म्हणत असेल की तोंड धुताना पाणी लागलं तरी कळ येते, तर पक्कड ठेवून न्यूरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी लिहितो.