नाव वगळले म्हणजे माहिती निनावी झाली का?

सामाईक डेटाबेसमधून नावाचा रकाना काढला की ती यादी कोणालाही निर्धास्तपणे पाठवता येते, असा समज स्वयंसेवी संस्थांमध्ये रूढ आहे. तो स्वाभाविकही आहे, कारण ओळख म्हटली की आधी नावच आठवते. परंतु जन्मतारीख, लिंग आणि वस्ती एकत्र आली की ती पुष्कळदा एकाच व्यक्तीकडे बोट दाखवतात. पडताळणीसाठी यादीच्या प्रतीवर या तिन्ही रकान्यांना एकामागून एक फिल्टर लावावा. एकच ओळ उरली आणि शेजारच्या रकान्यात, समजा, आजार नोंदवलेला असेल, तर तो कोणाचा, हे परिचिताला सहज कळते. अशा वेळी जन्मतारखेऐवजी वयोगट आणि वस्तीऐवजी जिल्हा ठेवून तीच तपासणी पुन्हा करावी. रकाना नुसता लपवणे तर मुळीच पुरेसे नाही. फाइल मिळालेली व्यक्ती तो सहसा एक-दोन क्लिकमध्ये उघडू शकते.