फोर-हाय की फोर-लो? वाळूतला गोंधळ

मावसभावानं पुण्यात थार घेतली आणि तिसऱ्याच दिवशी मला फोन केला. "दादा, तू तिकडे वाळूवर गाडी चालवतोस ना? मग मला सांग, वाळूत उतरताना सरळ फोर-लो टाकायचा, बरोबर? लोमध्ये ताकद जास्त असते." मी आधी उलटा प्रश्न विचारला, "तुझी थार फोर बाय फोर आहे की नुसतीच थार?" कारण २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांच्या ड्राइव्हमध्येही मिळते. दिसायला तेवढीच रांगडी, पण तिच्यात फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) आणि फोर-लो (चारही चाकांना जोर, पण हळू वेग) यांचा प्रश्नच येत नाही. त्याची फोर बाय फोर निघाली. मग बोलणं पाऊण तास लांबलं.

मी ब्रिस्बेनला राहतो. इथून उत्तरेला काही तासांवर गरी नावाचं बेट आहे. २०२३ पर्यंत नकाशावर त्याचं नाव फ्रेझर आयलंड होतं. जगातलं सगळ्यांत मोठं वाळूचं बेट. त्याचा पूर्वेकडचा किनारा हाच तिथला हमरस्ता. त्यावर ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा आहे, मोठ्या चाकांच्या बसगाड्या धावतात आणि अधूनमधून छोटी विमानंही उतरतात. बेटाच्या आतले रस्ते मात्र झाडीतून जाणारे, सुट्या कोरड्या वाळूचे, एकेरी चाकोरीचे. तिथे मर्यादा ३०. एकाच बेटावर ही दोन टोकं असल्यामुळे हाय आणि लो यांतला फरक तिथे जितका लख्ख कळतो तितका दुसरीकडे कळणं अवघड.

गोंधळ होतो तो 'ताकद' या शब्दामुळे. फोर-हाय असो वा फोर-लो, इंजिनाचा जोर त्याच चार चाकांना जातो. लो टाकल्यानं पकड वाढत नाही. ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या डब्यात, आणखी एक गियरची जोडी मध्ये येते, एवढंच. मारुतीच्या जिम्नीत ती चाकांचा वेग जवळपास निम्म्यावर आणते. थार किंवा फॉर्च्युनरमध्ये सुमारे अडीच पटीनं कमी करते. वेग जितका घटतो तितका चाकावरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. लो म्हणजे जादा पकड नव्हे, जादा पिळ.

आणि सुट्या वाळूला हा पिळ नेहमी मानवतोच असं नाही. चाकाचा रेटा वाळू एका हद्दीपर्यंत सोसते. त्यापलीकडे दाणे एकमेकांवरून घसरतात, चाक गरकन फिरतं आणि स्वतःच्याच खाली खड्डा खणतं. लोच्या पहिल्या गियरात ही हद्द ओलांडायला पाय जरासा जड पडला तरी पुरे. दोन-तीन गिरक्यांत गाडी एक्सलपर्यंत जाते, पोट वाळूवर टेकतं, आणि एकदा पोट टेकलं की चाकांवरचा भारच कमी होतो. मग लो काय नि हाय काय.

मग नुसता हायच का नाही? कारण वाळू गाडीला ओढून धरते. डांबरावर टायर फिरवायला गाडीच्या वजनाच्या एक-दीड टक्का जोर लागतो. मऊ वाळूत तोच वीस ते तीस टक्के लागतो. म्हणजे दीड टनाच्या गाडीला सपाट किनाऱ्यावरही सतत तीनशे ते साडेचारशे किलोंची ओढ. चारास एक असा चढ अखंड चढत राहण्यासारखंच हे. कोकणात उतरणारा कुठलाही मोठा घाट इतका उभा नाही. इंजिन धापा टाकतं ते यामुळे. हायच्या दुसऱ्या गियरात गाडी दम तोडते, पहिल्यात टाकावी तर इंजिन किंचाळतं आणि वेग येत नाही.

एक हिशेब मांडून दाखवतो. समजा, गाडीचा पहिला गियर ४, दुसरा २.२, तिसरा १.४, चौथा १ आणि लोचं प्रमाण २.५ (आकडा जितका मोठा तितका गियर खालचा). लोचा तिसरा म्हणजे १.४ गुणिले २.५, म्हणजे ३.५, हायच्या पहिल्यापेक्षा किंचित उंच. लोचा चौथा २.५, हायच्या दुसऱ्यापेक्षा किंचित खाली. हायच्या पहिल्या आणि दुसऱ्या गियरमध्ये जी मोठी फट आहे, तिथे लोचे हे दोन गियर अगदी चपखल बसतात. मऊ वाळूत २०–३० च्या वेगानं, इंजिनाचा आवाज स्थिर ठेवून चालायचं असेल तर याच दोन पायऱ्या हव्या असतात. म्हणून मुरलेले लोक लो वापरतात, पण लोच्या पहिल्यात क्वचितच असतात; निघतात दुसऱ्यात, चालवतात तिसऱ्या-चौथ्यात. "लो टाक" हा सल्ला आपल्याकडे पोचतो तेव्हा त्यातला "तिसरा" वाटेत गळून पडलेला असतो.

गरीवर हे असं दिसतं. ओहोटीनं उघडी पडलेली, ओली, दाबून बसलेली वाळू म्हणजे जवळजवळ सिमेंट. तिथे फोर-हाय, वरचे गियर, शांत पाय. पूर्ण ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास यांतच चालवा असं तिथलं उद्यान खातं बजावतं, कारण भरती चढली की ही ओली पट्टी नाहीशी होते आणि वर उरते ती फक्त सुटी, भुसभुशीत वाळू. आतल्या चाकोऱ्यांत, विशेषतः चढ आणि वळण एकत्र येतं तिथे, मी लो टाकतो. उत्तरेकडे खडकाळ टोकांना वळसे घालणाऱ्या वाटा आहेत, तिथली वाळू पिठासारखी असते. तिथे तर लोच. पण त्या वाटेला तोंड लावायच्या आधी, घट्ट जमिनीवर उभं असताना टाकलेला.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. बहुतेक गाड्यांत टू-व्हीलमधून फोर-हायला चालत्या गाडीत जाता येतं. फोर-लोसाठी मात्र थांबावं लागतं, गियर न्यूट्रलला आणावा लागतो. आणि मऊ वाळूत थांबणं म्हणजे निम्मं रुतणं. चढावर अर्ध्यात दम तुटला की माणसाला आठवण होते, "अरे, लो आहे की!" तो थांबतो, लो टाकतो, क्लच सोडतो आणि आहे तिथेच खाली जातो. बेटावर जाण्यासाठी मुख्य भूमीच्या इन्स्किप पॉइंटवरून बार्ज, म्हणजे गाड्या वाहून नेणारी सपाट बोट, सुटते. तिच्यापर्यंतचा वाळूचा तुकडा गाड्या रुतण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि माझी पहिली फजिती तिथलीच. मी थांबून लो टाकला होता. मागच्या रांगेतला एक म्हातारा फावडं घेऊन आला, काही न बोलता पुढची चाकं मोकळी करून दिली आणि परत जाऊन बसला. त्याच्या न बोलण्याची मला आजही लाज वाटते.

क्लच आणि उष्णतेचा मुद्दा अनेकांना ठाऊक नसतो. मॅन्युअल गाडी मऊ वाळूत हायच्या पहिल्यात हलवायची तर क्लच अर्धा दाबून घासावा लागतो. जळका वास येतो तो त्याचा. ऑटोमॅटिकमध्ये वास येत नाही, पण टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गियरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या भागात) तेल घुसळून तापतं, आणि काही गाड्या मीटरवर तेलाच्या तापमानाचा दिवा लावून हातच टेकतात. शिवाय ऑटोमॅटिकला वाळूत लवकर वरचा गियर टाकायची खोड असते आणि नेमका हवा तेव्हा दम जातो, म्हणून गियर हातानं धरून ठेवावा. अशा वेळी लो हा इंजिनापेक्षाही गियरबॉक्सवर केलेला उपकार असतो. हळू, लांब, मऊ पट्टा असेल आणि वेग धरायची सोय नसेल, तर लो टाकण्यात कमीपणा नाही.

दुसरी भानगड इलेक्ट्रॉनिक्सची. चाक जरा घसरलं की स्टॅबिलिटी कंट्रोल इंजिनाचा जोर आपणहून कापतं. डांबरावर ते जीव वाचवतं, वाळूत तेच गाडीला बुडवतं. फोर-हायमध्ये ते बटणानं बंद करावं लागतं, आणि काही गाड्यांत वेग वाढला की ते आपोआप परत जागं होतं. बऱ्याच गाड्यांत फोर-लो टाकताच ते स्वतःच झोपतं. काही जण लो वापरतात ते निव्वळ एवढ्याचसाठी. पिळ नको असतो, कटकट नको असते. तुमच्या गाडीत काय होतं ते मॅन्युअलमध्ये पाहा, किनाऱ्यावर जाऊन प्रयोग करू नका.

आता कबूल करतो, हाय-लोचा हा सगळा वाद दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला नंबर टायरच्या हवेचा. डांबरावरची ३२–३५ पीएसआय हवा घेऊन वाळूत उतरलात तर कुठल्याही नॉबनं काही साधत नाही. १८ च्या आसपास आणलीत की टायरचा जमिनीला टेकलेला पट्टा लांबतो. रुंदी फारशी वाढत नाही, लांबी वाढते, आणि गाडी वाळू खणण्याऐवजी तिच्यावरून चालते. रुतलात तर आणखी दोन-तीन कमी करा. फार खाली गेलात आणि जोरात वळलात तर टायर रिमवरून उतरू शकतो, म्हणून हवा कमी असताना वेग कमी आणि वळणं मोठी. परत डांबरावर येताच पंपानं भरायची. रुतलेल्या दहा गाड्यांतल्या आठांचं दुखणं मला हवेत दिसलं आहे आणि त्या आठांतले सहा जण फोर-लोच्या नॉबशी झटापट करत असतात.

रुतल्यावर मात्र लो कामाचा. पहिली गिरकी जाणवली की पाय काढा. ब्रेक नको, ब्रेकनं चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो. उतरा, चाकांच्या पुढची-मागची आणि पोटाखालची वाळू उपसा, हवा कमी करा. मग लोमध्ये रिव्हर्स, अगदी हलका पाय, आल्या चाकोरीतून मागे. पुढे जायचा मोह होतो, पण मागची वाळू तुमच्याच चाकांनी दाबून ठेवलेली असते, पुढची नाही. इथे हायच्या रिव्हर्सनं क्लच जळतो. लोचा रिव्हर्स गोगलगाईसारखा सरकतो आणि आत्ता तेवढंच हवं असतं. दुसऱ्या गाडीनं ओढायची वेळ आली तर दोर मागच्या टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीही अडकवू नका; तो तुटून गोळीसारखा येतो आणि त्यानं माणसं मेली आहेत.

मावसभाव हे सगळं ऐकून म्हणाला, "ठीक आहे, मग गुहागरला जातो, करून बघतो." तिथे मी त्याला थांबवलं. गुहागर, वेळास, आंजर्ले इथल्या पुळणींवर हिवाळ्या-उन्हाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटी वाळूखाली, वरून दिसत नाहीत. चाक त्यावरून गेलं तर वाळू दबते, आणि पिल्लं बाहेर पडली तर खोल चाकोरीत अडकून समुद्रापर्यंत पोचत नाहीत. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी नेण्यावर कायद्यानंच बंदी आहे. शिवाय आपल्याकडे दर सुट्टीला भरतीत गाडी बुडाल्याचे व्हिडिओ येतातच. त्यातल्या बहुतेकांनी ओहोटीला गाडी उभी केली आणि जेवायला गेले.

भारतात रीतसर गाडी न्यायची तर केरळात कण्णूर आणि थलश्शेरीच्या मधला मुळप्पिलंगाड किनारा आहे, सुमारे चार किलोमीटरचा. तिथली वाळू इतकी घट्ट आहे की साध्या हॅचबॅकही मजेत फिरतात. मी त्याला ते सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे तिथे टू-व्हीलच पुरेल?"

पुरेल.