गोधडीतला बर्फ

उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या गाडीपाशी उभं राहिलं की बर्फाची लादी दिसायची. लाकडाच्या भुशात पुरलेली, वर जाडजूड गोणपाट. गिऱ्हाईक आलं की गोणपाट बाजूला सारायचं, हवा तेवढा तुकडा फोडायचा, भुसा पाण्याने धुवायचा आणि लादी लगेच पुन्हा झाकायची. मला तेव्हा प्रश्न पडायचा, इतकं पांघरूण घातल्यावर बर्फाला उकडत नसेल का?

घोटाळा 'ऊबदार' या शब्दात आहे. गोधडीत स्वतःची अशी ऊब नसतेच. रिकाम्या गोधडीच्या घडीत थर्मामीटर रात्रभर ठेवा, सकाळी तो खोलीचंच तापमान दाखवेल. ऊब आपल्या अंगाची, गोधडी फक्त ती बाहेर पडू देत नाही. उष्णता आपणहून वाहते ती गरम वस्तूकडून गार वस्तूकडे, आणि गोधडी त्या वाटेत आडवी पडते. आत कोण, बाहेर कोण, याचं तिला सोयरसुतक नसतं. आत माणूस असला तर त्याची ऊब अडते, बर्फ असला तर बाहेरचा वैशाख अडतो.

खरं अडवण्याचं काम कापडापेक्षा हवाच जास्त करते. उष्णता वाहून नेण्याची क्षमता मोजायच्या एककात तांब्याचा आकडा साधारण 400 येतो, लाकडाचा 0.15 च्या आसपास आणि स्थिर हवेचा जेमतेम 0.025. यातला 'स्थिर' हा शब्द महत्त्वाचा. मोकळी हवा तापली की वर जाते आणि जाताना उष्णताही घेऊन जाते. भुसा, लोकर, कापूस हे सगळे हवेला बारीक बारीक कप्प्यांत कोंडून ठेवतात. जुनी चपटी गादी पिंजून घेतली की पुन्हा ऊब देऊ लागते ना? कापूस तोच असतो, त्यात कोंडलेली हवा वाढलेली असते.

याच युक्तीवर बर्फाने समुद्र ओलांडला. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून जहाजाने पाठवायचा. भोवती भुसा, वाळलं गवत असलं काहीबाही ठासलेलं. 1833 साली त्याचं 'टस्कनी' जहाज सुमारे 180 टन बर्फ घेऊन निघालं, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडलं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला लागलं, तेव्हा 100 टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता! चेन्नईच्या किनाऱ्यावरचं त्याचं बर्फाचं कोठार अजून उभं आहे. आज ते विवेकानंद हाउस म्हणून ओळखलं जातं.

आता स्वयंपाकघरात या. सगळे धातू उष्णतेच्या बाबतीत सारखेच चपळ, असा आपला समज असतो. पण स्टेनलेस स्टीलचा आकडा फक्त 15 च्या घरात, म्हणजे तांब्याच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही कमी. बर्नरच्या ज्योतीवरचा भाग तापतो, ती उष्णता बाजूला पसरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दूध तळाला लागतं. म्हणून स्टीलच्या पातेल्यांना तांब्याचा तळ देतात. ती काही नुसती शोभा नाही.

शेवटी एक गंमत करून बघा. थंडीतल्या सकाळी, चूल पेटायच्या आधी, बिडाचा तवा आणि लाकडी पोळपाट शेजारी ठेवून दोन्हींवर हात टेकवा. तवा गारठलेला लागेल, पोळपाट नाही. दोघं रात्रभर एकाच ओट्यावर होते, त्यामुळे दोघांचं तापमान एकच. आपल्या तळव्याला तापमान मोजता येत नाही, आपल्यातली उष्णता किती झपाट्याने जाते तेवढंच त्याला कळतं. आता दोन्हींवर बर्फाचा एकेक सारखा खडा ठेवा आणि घरातल्यांना विचारा, आधी कुठला वितळेल? बहुतेक जण पोळपाटाकडे बोट दाखवतील, कारण तवा 'थंड' आहे. पण जो तवा हातातली उष्णता भराभर खेचत होता, तोच आता आपली उष्णता तितक्याच भराभर बर्फाला देतो. पोळपाटावरच्या खड्याच्या कडा जेमतेम गोलसर होतात, तोवर तव्यावर थारोळं साचलेलं असतं.