अंगठ्याचं दुखणं: नळीतलं की सांध्यातलं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या दादरच्या घरात दोघींचे अंगठे एकाच सुमारास दुखायला लागले. एक आई, वय ६७. दुसरी वहिनी, पाच महिन्यांच्या बाळाची आई. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने दोघींना एकच पट्टा दिला, मनगटापासून अंगठ्यापर्यंतचा. वहिनीला चार दिवसांत उतार पडला. आई म्हणाली, "मनगट मेलं उगाच जखडलंय, दुखायचं ते दुखतंयच."

दोन्ही दुखण्यांत अंतर जेमतेम दोन बोटांचं, पण दुखणारी वस्तूच वेगळी.

वहिनीचं दुखत होतं मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो तिथे. अंगठा उचलणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, तिथे एका अरुंद नळीतून जातात. नळीचं आवरण जाड झालं की त्या अडकत, घासत सरकतात. स्विस सर्जन फ्रिट्झ द कर्वेन यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून दुखण्याला त्यांचंच नाव. अंगठे ताणून, बाळाच्या काखेत हात घालून त्याला दिवसातून पन्नासदा उचललं की हे होऊ शकतं. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवलं, की कळ थेट त्या उंचवट्यावर येते. (या चाचणीला सगळे फिंकेलस्टाइनची म्हणतात, खरं तर ती आइखहोफ यांची.)

आईचं दुखणं त्याच्या पुढे, अंगठ्याच्या बुडाशी. तिथे हाड पायरीसारखं वर आलंय. डॉक्टरांनी अंगठ्याचं हाड आत दाबून गोल फिरवलं तेव्हा जात्यासारखी करकर हाताला लागली. ही सांध्याची झीज. रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांमध्ये ही फार दिसते. हा सांधा खोगिरासारखा: एक हाड दुसऱ्यावर स्वार. म्हणून अंगठा चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच डळमळतोही.

नळीचं दुखणं बोट ठेवून दाखवता येतं. सांध्यावर किती भार येतो, हे मात्र बाहेरून कळत नाही, आणि तिथेच संगणकाची गरज लागते. सीटी स्कॅनमधून हाडांचे आकार घ्यायचे, त्यावर आठ-नऊ स्नायू दोऱ्यांसारखे ओवायचे आणि चिमटीचं बळ लावायचं. गोम अशी की समीकरणांपेक्षा अज्ञात राशी जास्त. स्नायूंनी काम कसं वाटून घेतलं हे गृहीत धरावं लागतं. १९७७ मध्येच कूनी आणि चाओ या संशोधकांनी असं गणित मांडलं होतं: साध्या चिमटीत टोकाला एक किलो दाब दिला, तर बुडाच्या सांध्यावर सुमारे बारा किलो. तरफच ती. आई किल्ली फिरवताना का कळवळते, ते या आकड्यात आहे.

आताच्या संगणकातल्या प्रतिकृती पुढची पायरी गाठतात. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकावरचा ताण काढतात. सांधा जागेवरून सरकला की दोन हाडं कमी जागेत टेकतात, आणि तोच भार तेवढ्याशा ठिपक्यावर येतो.

मला यातली एक गंमत फार आवडते. वहिनीच्या नळीतल्या दोन कंडरांपैकी एक पुढे जाऊन आईच्या दुखऱ्या सांध्याशीच जोडलेली असते, आणि हाडाचं बूड बाहेर ओढते. तिला आवरतो तो अंगठा आणि तर्जनीमधल्या मांसल भागातला स्नायू. म्हणून त्याचे व्यायाम सांगतात.

उपायही त्यामुळे वेगळे. वहिनीला मनगटासकट आधार, नाही भागलं तर नळीत स्टिरॉइडचं इंजेक्शन, शेवटी नळी मोकळी करायची छोटी शस्त्रक्रिया. आईला मनगट मोकळं ठेवणारा आखूड आधार, जाड मुठीची हत्यारं; इंजेक्शनचा आराम तात्पुरता. फारच झालं तर सांध्याखालचं ते छोटं हाडच काढतात. मोकळ्या जागेत अंगठा खाली बसतो, म्हणून कंडरेची गादी भरण्याची पद्धत आली. कागदावर ते पटतं. पण रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासांत नुसतं हाड काढण्यापेक्षा तिचा ठळक फायदा दिसलेला नाही. प्रतिकृतीवर किती विसंबायचं ते इथे कळतं.

आईच्या किल्लीला आता आम्ही सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय. वहिनी बाळाला दोन्ही तळव्यांवर झेलून उचलते, आणि तो जुना पट्टा दाराच्या खुंटीवर लटकतोय.