गुळाचा मफिन बिनसाखरेचा होत नाही

गेल्या महिन्यात सांगलीच्या विश्रामबागेत भाचीच्या मुलीचा पहिला वाढदिवस झाला. घरी बेकिंग करणाऱ्या एका बाईंकडून खास बाळांसाठी मफिन मागवले होते. डब्यावर सुरेख अक्षरांत लिहिलेलं, 'शुगर-फ्री, फळांचे'. मी एक मोडून बघितला. आतून तांबूस, वरचा पापुद्रा बोटाला चिकटणारा, आणि वास सरळ काकवीचा. विचारलं तर म्हणाल्या, "साखरेचा कण नाही हो मावशी. गूळ पावडर आहे आणि थोडा मध." त्यांना कुणाला फसवायचं नव्हतं, त्या मनापासून सांगत होत्या. हेच उत्तर मी कितीतरी घरांत, कितीतरी आयांकडून ऐकलंय, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण बाळासाठी धडपडणारी माणसंच यात चुकतात.

मफिन कसा करायचा हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. मफिन आणि कपकेक यांतला फरकही फार मोठा नाही. कपकेक म्हणजे लोणी-साखर फेसून केलेला छोटा केक, वर क्रीम. मफिनचं ओलं-कोरडं वेगवेगळं कालवून शेवटी चार हात फिरवून एकत्र करायचं. कणीक घ्या, थोडा बारीक रवा घाला, ओव्हन नसेल तर कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाला मीठ पसरून भाजा, सगळं चालतं. वर क्रीम मात्र मला बाळाच्या मफिनवर बघवत नाही.

खरा घोळ दोन शब्दांचा आहे. 'शुगर-फ्री' वेगळं आणि 'वरून साखर न घातलेलं' वेगळं. पाकिटावर 'शुगर-फ्री' लिहायचं तर १०० ग्रॅम पदार्थात साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, असा आपल्याकडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०१८ सालचा नियम सांगतो. आता १०० ग्रॅम पिकल्या केळ्यात त्याची स्वतःची साखर साधारण १२ ग्रॅम असते. म्हणजे केळ्याचा मफिन, तुम्ही गोडाचा थेंब नाही घातला तरी, शुगर-फ्री होऊच शकत नाही. दुकानात खरोखर शुगर-फ्री म्हणून मिळणारी बिस्किटं मधुमेही माणसांसाठी असतात आणि बहुधा कृत्रिम गोडी घालून केलेली असतात. ती बाळाच्या हातात देऊ नयेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये ६ ते २३ महिन्यांच्या मुलांच्या आहाराबद्दल जे सांगितलंय, त्यात कृत्रिम गोडीलाही नकारच आहे.

बाळासाठी आपल्याला हवं असतं ते दुसरं, म्हणजे वरून काहीही गोड न घातलेलं. आणि इथेच गूळ आडवा येतो.

आपण ऊसपट्ट्यातली माणसं. गुऱ्हाळावर उभं राहून ज्यानं बघितलंय त्याला हे समजायला वेळ लागू नये. चरकातून रस निघतो, काहिलीत जातो, भेंडीचं पाणी घालून वर आलेला मळ काढतात, आटवतात, वाफ्यात ओततात आणि ढेप पाडतात. कारखान्यात तोच रस जातो, तिथे साखरेचे दाणे वेगळे काढतात आणि उरलेला काळा पाक, म्हणजे मळी, बाजूला करतात. ऊस तोच आणि गोडी तीच. गुळात मळीतले थोडे क्षार आणि रंग शिल्लक राहतात एवढाच काय तो फरक. १०० ग्रॅम गुळात साधारण ८० ते ९० ग्रॅम साखरच असते. बाळाच्या जिभेला, दातांना आणि शरीराला ती साखर म्हणूनच कळते.

"पण गुळात लोह असतं ना?" असतं. चमचाभर गुळात ते मिलिग्रॅमच्या एका अंशाएवढं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ८ मिलिग्रॅम लोह लागतं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. ते गुळातून भरून काढायचं म्हटलं तर बाळाला किती गूळ खायला घालावा लागेल, हिशोब करून बघा. लोहासाठी अंडं, डाळी, नाचणी, पालेभाजी आहे. गूळ वाईट नाही, मोठ्यांच्या पुरणपोळीत मला तोच हवा. मुद्दा एवढाच की मफिनमध्ये गूळ घातला की तो साखर घातलेला मफिन झाला. डब्यावर तसं लिहा, म्हणजे घेणाऱ्या आईला कळेल.

आकड्यांतच सांगते. दोन मोठी पिकली केळी, म्हणजे २०० ग्रॅम गर, यात साधारण २४ ग्रॅम फळाची साखर. त्याचे सात मफिन झाले तर एकात साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर. त्याच मिश्रणात १०० ग्रॅम गूळ पावडर घातली की एका मफिनमागे आणखी बारा ग्रॅम पडतात. सुमारे तीन चमचे साखर, आणि खाणारं मूल वर्षाचं.

"फळातली साखर पण साखरच की" असंही कुणी म्हणतं, आणि तेही अर्धवट आहे. फळातली साखर पेशींच्या आत, तंतूंसोबत असते, ती सावकाश पोटात जाते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात मोकळ्या साखरेच्या यादीत घरी-दारी घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस आहे, अख्खं फळ नाही. रस आहे हे लक्षात ठेवा. संत्र्याचा रस ओतून केलेला मफिन मी वरून साखर न घातलेला मानत नाही. ब्रिटनमधली व्याख्या तर आणखी कडक आहे, तिथे मिक्सरमधून फिरवून केलेला फळांचा लगदाही त्याच यादीत मोजतात. म्हणून मी केळं काट्यानं ताटलीतच कुस्करते. गाठी राहिल्या तर राहू द्या. बाळाला चावायलाही काहीतरी लागतं.

मधाचं मात्र साखरेच्या हिशोबावर सोडता येत नाही. जन्मल्याबरोबर मधाचं बोट चाटवायची रीत आपल्याकडे अजून आहे, म्हणून मध म्हणजे पवित्र आणि बाळासाठी चांगलाच असं मनात बसलंय. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. बाळाला बद्धकोष्ठ होतं, चोखणं मंदावतं, अंग सैल पडतं. "भाजल्यावर मरतं सगळं" असं कुणी सांगितलं तर मानू नका. ते बीजाणू नष्ट करायला दाबाखाली १२१ अंशांची वाफ लागते. ओव्हन १८० वर असला तरी ओल्या मफिनचं पोट १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणून वर्षाच्या आत मध नाही, कच्चाही नाही आणि भाजलेलाही नाही. त्या दिवशी मुलीला नुकतंच वर्ष पूर्ण झालं होतं, पण पाहुण्यांत आठ महिन्यांचं एक बाळही होतं. त्याच्या आजीच्या हातातून मी मफिन काढून घेतला.

बेदाण्याबद्दल आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला हवं, कारण तासगावचा बेदाणा घरोघरी किलोंनी पडलेला असतो आणि हात आपोआप त्या डब्याकडे जातो. बेदाणा फळच आहे, पण पाणी निघून गेल्यामुळे त्यात निम्म्याहून जास्त साखर उरते, आणि तो दातांना चिकटतो. शिवाय पिवळाधमक दिसावा म्हणून त्याला गंधकाची धुरी दिलेली असू शकते. सगळ्या घाण्याला मूठभर पुरे. दोन पाण्यांनी धुवून, कोमट पाण्यात भिजवून, बारीक चिरून घाला. अख्खा बेदाणा तीन वर्षांखालच्या मुलाच्या मफिनमध्ये मला दिसला की धस्स होतं, तो घशात अडकू शकतो. अख्खं द्राक्ष तर नकोच. खजुराचंही असंच, बिया काढून कुस्करलेले दोन-तीन खजूर चालतील, खजुराचा पाक नाही.

आता गूळ काढला की मफिन का फसतो, तेही सांगते, कारण त्यामुळेच बायका पुन्हा गुळाकडे वळतात. साखर फक्त गोडीसाठी नसते. ती ओल धरून ठेवते, कणकेला चिवट होऊ देत नाही आणि वरचा रंग आणते. ती नसली की मफिन फिका दिसतो आणि जास्त कालवलं तर रबरासारखा होतो. त्यावर उपाय फळ आणि तूप. २०० ग्रॅम केळं, १२० ग्रॅम कणीक, ६० ग्रॅम ताजं दही, ४० ग्रॅम तूप, चमचाभर बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा, वेलची. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. १८० अंशांवर वीस मिनिटं. केळं मात्र सालीवर काळे ठिपके पडलेलं हवं. पिकताना त्यातल्या पिठूळपणाची साखर होते, आणि हिरवट-पिवळं केळं घातलं की मफिन बेचव लागतो, मग दोष बिनसाखरेच्या कृतीवर येतो.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीनं हाच प्रकार होतो. सातारकर मैत्रिणी हिवाळ्यात हौसेनं पेटी आणतात आणि नुसत्या स्ट्रॉबेरीचा मफिन करतात. भाजल्यावर तिचा आंबटपणा पुढे येतो, भोवतीचं पीठ ओलं राहतं, आणि बाळ तोंड वेडंवाकडं करतं. पाया केळ्याचाच ठेवा. स्ट्रॉबेरी चिरून फडक्यावर टिपून, कणकेत घोळवून वरून घाला. चिकू माझ्या मते केळ्याहूनही सरस, पण त्याची बी नीट शोधून काढा. सफरचंद किसून, फोडी नकोत.

साखर नसल्यामुळे हे मफिन टिकतही नाहीत. बाहेर ठेवले तर उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. फ्रिजमध्ये दोन दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर. खायला देताना इडलीपात्रात तीन-चार मिनिटं वाफ द्या, मग मधून मोडून बोट लावून बघा, आत गरम राहिलेलं असतं.